आईची रात्रीची साखर

आईच्या साखरेच्या तपासणीत एचबीए१सी ६.९ आलं तेव्हा नेरूळला आमच्या घरी सगळे खूश होते. पंचाहत्तरीची बाई, जुना डायबेटिस, रोज इन्सुलिन. यापेक्षा चांगला रिपोर्ट काय असणार? पण पहाटे तिचा गाऊन घामाने चिंब असायचा आणि सकाळी डोकं जड. विचारलं की म्हणायची, “अगं, उकडत होतं रात्री.” डिसेंबरातही तेच उत्तर.

एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. रात्री साखर ५४ आणि पोह्यांनंतर २६० झाली, तरी सरासरी छानच दिसते. डॉक्टरांनी दंडाच्या मागे साखर मोजणारा सेन्सर लावला तेव्हा हा चढउतार पहिल्यांदा समोर आला. वर नाण्याएवढी चकती, आत केसासारखी बारीक तार, चौदा दिवस तशीच राहते. मोबाइलवर आलेख उघडला, तर अडीच-तीनच्या सुमाराला रेघ सत्तरच्या खाली. एका रात्री नव्हे, पुन्हा पुन्हा. तो घाम उकाड्याचा नव्हता, उतरलेल्या साखरेचा होता. डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस लगेच कमी केला.

आम्ही सगळे जेवणानंतरच्या आकड्यावर नजर ठेवून असतो. म्हाताऱ्या माणसाला रात्रीची उतरलेली साखर जास्त घातक. तोल जातो, पडणं होतं, हृदयावर ताण येतो. म्हणून त्यांचं उद्दिष्टही वेगळं असतं. एरवी दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ साखर ७० ते १८० मध्ये असावी म्हणतात. वयस्कर, नाजूक प्रकृतीच्या माणसाला ५० टक्के चालतं, पण ७०च्या खालचा वेळ एका टक्क्याहून कमी हवा. म्हणजे दिवसात जेमतेम पाव तास! आईचा त्याच्या कितीतरी पट होता.

सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे असतो. साखर उतरली की आईला तीन चमचे साखर पाण्यातून देते आणि पंधरा मिनिटांनी बोटाला टोचून बघते, कारण सेन्सर तेव्हाही कमीच दाखवत असू शकतो. आणि सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं तर चकती दाबली जाऊन साखर उतरल्याचा खोटा अलार्म वाजतो. आई डावीकडे वळून झोपते, म्हणून सेन्सर उजव्या दंडावर.

संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की मोबाइलवरचा साखरेचा बाण सरळ वर. ते स्वतः बघितल्यावर आईनेच भगर आणि दाण्याची आमटी सुरू केली. मी वर्षानुवर्षं सांगून जे झालं नव्हतं!

मध्यंतरी भाच्याने “मावशी, आजीला न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ घेऊया” म्हणून लिंक पाठवली. कृपा करून घेऊ नका. त्वचेवर प्रकाश टाकून साखर ओळखायचे प्रयत्न अनेक वर्षं चालू आहेत, पण पाणी, प्रथिनं, घाम यांच्या गर्दीत ग्लुकोजचा संकेत फार क्षीण पडतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला की न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणं वेगळं, ते चालतं. पण नुसत्या घड्याळाने १२० दाखवले आणि खरी साखर ५० असली, तर आईला उठवणार कोण?

सेन्सर स्वस्त नाही, कायम लावणं आम्हाला परवडत नाही. डोस बदलला की लावतो. घरात इन्सुलिन घेणारं वयस्कर माणूस असेल आणि पहाटे घाम येत असेल, तर चांगल्या रिपोर्टवर थांबू नका. डॉक्टरांना रात्रीचं विचारा.