एक दीपगृह होतं, बहुतेक

परवा दुपारी लसूण सोलता सोलता एकदम दीपगृह आठवलं. गोष्टीतलं. तिथे एक म्हातारा असतो, त्याची नात असते, आणि नेमका वादळाच्या रात्री दिवा लागत नाही. पुढे कुठेतरी बकरी येते. तिचं नक्की काय ते आठवत नाही, पण ती महत्त्वाची होती.

अशा वेळी शहाण्या माणसाने लसूण सोलत राहावं. मी मावशीला फोन लावला.

"चांदोबातली," मावशी म्हणाली. बकरीपर्यंत पोचूही दिलं नाही. तिच्या पिढीच्या सगळ्या बेवारस गोष्टी चांदोबाच्याच नावावर लागतात. मी म्हटलं, अगं, चांदोबात वेताळ असायचा, राजे असायचे, दीपगृह कुठून येईल? तर म्हणे, "तू नीट वाचला नसशील."

एका मैत्रिणीने 'किशोर' सुचवला. बालभारतीचा 'किशोर' १९७१ साली सुरू झाला आणि त्याचे जुने अंक आता घरबसल्या वाचायला मिळतात. हे फार वाईट आहे. मी दीपगृह शोधायला बसले आणि चित्रं बघत राहिले. एक शब्दकोडंही सोडवलं. भाजी लागली.

वाचनालयातल्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "लेखक? पुस्तकाचं नाव? काहीच नाही? मग?" त्यांचंही बरोबर आहे. मराठी कथा-कादंबऱ्यांचा वर्गांक ८९१.४६३, त्याच्या आत सगळं लेखकाच्या नावाने लावलेलं. बकरीला वेगळा आकडा आहे, ६३६.३९, पण तो पशुपालनात.

तरी विचारायची खोड जात नाही, कारण विचारलं की लोक भलतंच काहीतरी देतात. कुणी गोवर आला होता तेव्हा गोधडीत वाचलेलं सांगतं, कुणी एसटी चुकली म्हणून स्टँडवर वाचून संपवलेलं. पुस्तकाचं नाव गेलेलं असतं, पण पान दुमडलेलं कुठे होतं ते पक्कं आठवतं. आणि मग तेच आपल्याला विचारतात, "बरं, ती आंधळ्या घोड्याची गोष्ट कुठली गं?" काहीजण मात्र विचारतात, "पण तुला ती कशाला हवी आहे?" अशांकडे मी परत मीठसुद्धा मागत नाही.

शेवटी मामेबहिणीला विचारलं. तिला दीपगृह लगेच आठवलं. आजोळी माळ्यावर अंकांची चळत होती, त्यातलं. कव्हरं आजीने फडताळात अंथरलेली, त्यामुळे मासिकाचं नाव कळायची सोय नव्हतीच. आणि शेवटची पानं? "त्यांच्या आपण होड्या केल्या ना, पहिल्या पावसात."

म्हणजे शेवट आम्ही वाचलेलाच नाही. तो आम्ही रात्री अंथरुणात पडून ठरवला होता, आणि त्यावरून इतकं भांडलो की मामाने दिवा घालवला. बकरी बहुतेक त्याच भांडणातली. तिची की माझी, कोण जाणे.

"तुझी कसली! माझी," ती म्हणाली. "बकरी घंटा वाजवते, आणि मग होड्या परत फिरतात."

छे. बकरी कंदील खाली पाडते.