अक्कलदाढ काढायचीय? इंजेक्शन पुरतं!

अमेरिकेत आल्यावर अक्कलदाढेचे जे किस्से ऐकले, ते बहुतेक गुंगीचे. शिरेतून औषध देतात, जाग येते तेव्हा काम झालेलं असतं आणि घरी न्यायला कुणीतरी सोबत लागतं. चारही दाढा एकदम काढायच्या असल्या की इथे सर्रास असंच करतात. त्यामुळे सुट्टीत नाशिकला गेले असताना गंगापूर रोडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "खालची दाढ आडवी आहे, इंजेक्शन देऊन काढू," तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. आता माझ्या मावसबहिणीलाही तशीच आडवी दाढ आलीय. इंदिरानगरहून तिचे सारखे फोन येतात, "ताई, जागेपणी कापणार म्हणे गं!" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ती मुळांच्या किती जवळ आहे, याचा अंदाज त्यात येतो. शुगर, बीपी, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, कुठल्या औषधाची ॲलर्जी, काहीही लपवू नका, आणि कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. हिरडी सुजून पू झाला असेल, तर डॉक्टर आधी तो आटोक्यात आणतात. तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो, म्हणून बधिर करणारं औषध नीट लागू पडत नाही. आणि उपाशी जाऊ नका. नुसत्या इंजेक्शनने दाढ काढताना उपाशी राहायची गरज नसते, उलट रिकाम्या पोटी चक्कर येऊ शकते.

औषध बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. ते १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं आणि आजही जगभर वापरात आहे. त्यात थोडं ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्याने रक्तस्राव कमी होतो आणि बधिरपणा जास्त वेळ टिकतो. त्यामुळेच कधीकधी टोचल्यावर दोन-चार मिनिटं छातीत धडधडतं. हे माहीत नसलं की माणूस विनाकारण घाबरतो. खालच्या दाढेसाठी सुई जबड्याच्या पार मागे देतात. टोचल्याचं कळतं, हे खरं. मग हळूहळू त्या बाजूचा अर्धा ओठ जड होतो, अर्धी जीभही जाते. मॅडमनी हिरडीला टोकदार हत्यार लावून विचारलं, "दुखतंय का?" मला नुसतं काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. तेवढी खात्री झाल्याशिवाय त्या पुढे गेल्या नाहीत.

यानंतरची गोष्ट मनात पक्की ठेवा: वेदना जाते, दाब जात नाही. दुखणं पोचवणारे मज्जातंतू बारीक असतात, ते आधी बंद पडतात. दाबाचे जाड तंतू बरेचसे जागेच राहतात. म्हणून जबडा ढकलला जातोय, हे कळतं. ड्रिलचा आवाज थेट डोक्यात घुमतो आणि आडव्या दाढेचे तुकडे करताना कट्‌कन आवाजही येतो. तो दाढेचा असतो, जबडा मोडल्याचा नव्हे! कुठेही कळ आली तर डावा हात वर करायचा, असं आमचं आधीच ठरलं होतं. हात वर केला की आणखी औषध देतात. जागं असण्याचा हा मोठा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

खरा त्रास नंतरचा, आणि तो आपल्या हातात असतो. दाढेच्या जागी ठेवलेला गॉझ, म्हणजे जाळीदार कापडाचा बोळा, अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. बधिरपणा दोन-चार तास टिकतो. तोवर गरम चहा नको आणि काही चावायलाही नको, ओठ किंवा जीभ चावली तरी कळत नाही. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही. शहाळं प्यायचं तर पेल्यात ओतून, स्ट्रॉने अजिबात नाही. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी ती भीती फार वाढते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, तोंडही कमी उघडतं. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. आईने मऊ वरणभात, गार दही आणि कोमट पेज यांवर ठेवलं होतं. मिसळ आणि चिवडा आठवडाभर लांबच बरे. तिखट झोंबतं आणि चिवड्याचे कण खड्ड्यात अडकतात.

परदेशातून सुट्टीवर येणाऱ्यांनी हे काम पहिल्याच आठवड्यात उरका आणि परतीच्या विमानाची तारीख डॉक्टरांना आधीच सांगा. टाके विरघळणारे नसतील तर साधारण आठवड्याने काढावे लागतात. दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिरच राहिला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.