दुसरं अकाउंट

सोमवार, रात्री साडेदहा

आज एस.वाय.च्या तासाला विचारलं, "इन्स्टाग्रामवर तुमच्यावर कोण लक्ष ठेवतं?" कंपन्या, सरकार असं काहीतरी येईल अशा तयारीने गेले होते. उत्तरं आली ती मामा, वहिनी, शेजारच्या काकू, होस्टेलच्या रेक्टर. "आणि दादाचे मित्र," मागच्या बाकावरची एक म्हणाली. "ते स्क्रीनशॉट काढून दादाला पाठवतात."

तास संपल्यावर तीच थांबली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. तिची दोन अकाउंटं आहेत. एकावर खरं नाव, साडीतला फोटो, गणपतीची आरास, आणि झाडून सगळे नातेवाईक. दुसऱ्यावर डीपीला सूर्यफूल, नाव भलतंच, फॉलोअर्स एकोणीस. तिथे ती कविता टाकते. भानगड काही नाही, नुसत्या कविता. त्यातही काही स्टोऱ्यांभोवती हिरवं कडं, म्हणजे त्या फक्त सात जणींना दिसतात. "घरी कळलं तर मोबाइल जाईल मॅडम, आणि मग कॉलेजही."

पोरांना प्रायव्हसीचं काही पडलेलं नाही, असं आम्ही स्टाफरूममध्ये सर्रास म्हणतो. मीही म्हटलंय. एकेकीला पारखून आत घेणाऱ्या या मुलीला ते कसं लागू पडावं? तिच्यावरची पाळत जेवायला बसल्यावर होणाऱ्या चौकशीत असते, आणि तिची किंमत तिला त्याच रात्री मोजावी लागते.

मग सेटिंग्ज उघडायला लावल्या. लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, सगळ्याला 'अलाऊ'. ती म्हणाली, "कंपनीला कळून काय होणार? कंपनी काही आईला सांगायला येत नाही." इथे मात्र मला थांबवेना. सूर्यफुलाच्या अकाउंटला तिने रोजचाच नंबर दिलाय, कॉन्टॅक्ट्सही जोडलेत. अशाने मामाच्या मोबाइलवर 'यांना तुम्ही ओळखत असाल' म्हणून तेच सूर्यफूल उगवू शकतं. तिचा चेहरा उतरला. कॉन्टॅक्ट्स आम्ही तिथेच उभ्या उभ्या बंद केले. पण तिचा नंबर ज्या ज्या फोनमध्ये सेव्ह आहे, त्या फोनचं काय करणार? केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्ला देणाऱ्या कंपनीकडे एका अ‍ॅपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेली, तेव्हा हेच तर झालं होतं. भारतात ते अ‍ॅप ३३५ जणांनी घेतलं आणि माहिती ५,६२,४५५ जणांची गेली असावी, हा आकडा २०१८ मध्ये फेसबुकनेच दिला. बाकीच्यांनी काहीच केलं नव्हतं, ते फक्त कुणाचे तरी मित्र होते.

वर्गात पालघरही सांगितलं. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले त्या वेळच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने लाईक केलं, दोघींना अटक. या मुलांना ते ठाऊकच नव्हतं. "नुसतं लाईक केलं म्हणून?" एकाने दोनदा विचारलं. तक्रार गावातूनच झाली आणि पोलीस दारात आले. काकूंची नजर आणि सरकारची नजर यांच्यात फार अंतर नसतं, हे मला त्यांना दाखवायचं होतं. ज्या कलमाखाली ते झालं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, श्रेया सिंघल या तरुणीच्या याचिकेवर. हे सांगितल्यावर वर्गातले काही चेहरे खुलले. मलाही बरं वाटलं.

आता लिहिता लिहिता मागच्या वर्षीचा फॉर्म आठवतोय. आमच्या विभागाने त्यात 'इन्स्टाग्राम आयडी' असा रकाना टाकला होता. कशासाठी, ते मीही विचारलं नाही. उलट बाकाबाकांवरून फिरून, कुणाचा रिकामा राहिलाय ते बघून भरून घेतला. सगळ्यांनी मुकाट भरला. प्रत्येकाने पहिलंच अकाउंट दिलं असणार. म्हणजे मामा, काकू, रेक्टर यांच्या यादीत त्या दिवशी मीही जाऊन बसले, आणि आज सूर्यफूल दाखवायला ती तरीही माझ्याकडेच आली.

यंदाचे फॉर्म परवा वाटायचेत. गठ्ठा इथे टेबलावरच आहे, रकाना तसाच आहे. उद्या पहिल्या तासाआधी विभागप्रमुखांना गाठते. फॉर्म पुन्हा छापायचे नसतील, तर रकान्यावर मी स्वतः काट मारीन. एकशे वीस तर आहेत.