गुजरातेत दारूबंदी आहे, मग काळजी कसली?

जूनमध्ये अ‍ॅडमिशनचा सीझन आला की पुण्या-नाशिकचे नातेवाईक मला हेच विचारतात, कारण मी बडोद्यात फतेगंजला पीजी चालवते. "पोराला बडोद्याला पाठवतोय, तुमच्याकडे दारूच मिळत नाही ना, बरंय," असं इतक्या निवांत आवाजात म्हणतात की खरं सांगायला जिवावर येतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मिळते. 1960 मध्ये गुजरात वेगळं झालं तेव्हापासून बंदी आहे, आणि बुटलेगरही आहेतच. ओळखीतून फोन गेला की बाटली घरपोच, शिवाय दमण-दीवच्या ट्रिपा. फक्त दुकानातली नसते, मग आत काय भरलंय देव जाणे. 2022 च्या जुलैत बोटादकडे लठ्ठाकांड म्हणजे विषारी दारूकांड झालं, चाळीसच्या वर माणसं गेली, मिथेनॉल होतं ते. आमची पोरं म्हणतात आंटी आम्ही पोटली (पिशवीतली गावठी) थोडीच पितो, ब्रँडेड घेतो. अरे पण झाकण कोणी लावलंय ते बघितलंस का?

मला जास्त भीती वाटते ती लपूनछपून पिण्याची. पकडले जाऊ म्हणून खोलीचं दार लावून पटापट संपवायची, आणि लिव्हर तर तासाला जेमतेम एखादा लहान पेग पचवतं, बाकी सगळं रक्तात. म्हणजे ग्लास खाली ठेवल्यावरही चढत राहते. मग एखादा आडवा झाला की बाकीचे लिंबू पाजतात, अंघोळ घालतात (काही उपयोग नाही), वर "झोपू दे, सकाळी उतरेल". उताणा झोपलेला पोरगा उलटी घशात जाऊन मरू शकतो हो! पण 108 ला फोन करायचा नाही, कारण पोलीस येतील, घरी कळेल.

आणि दारूचा निदान वास तरी येतो. एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, तोंडाला तसा येत नाही. 2022 मध्येच इथल्या सावली तालुक्यात एटीएसने एमडीचा केवढा तरी साठा पकडला होता, म्हणजे लांबची गोष्ट नाही. यात अडकलेला स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर नुसतं सेवन किंवा थोडासा माल एवढ्यासाठी केस होण्यापासून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 64अ मध्ये संरक्षण आहे, हे तर कुणालाच माहीत नसतं. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446.

तर पाठवा की, कॉलेज चांगलंय. फक्त निघायच्या आधी पोराला सांगा, कुणी उठवूनही उठत नसेल तर कुशीवर वळव, 108 लाव, मग आम्हाला. आणि रात्री दोनला फोन आला तर आधी कुठल्या हॉस्पिटलात ते विचारा, शिव्या दुसऱ्या दिवशी घाला.