नुसतं 'ठीक'

आज ड्यूटी बदलतानाचं ओव्हर (पुढच्या सिस्टरांना पेशंटची माहिती देणं) झाल्यावर इन्चार्ज सिस्टरांनी फीडबॅकचे फॉर्म वाचून दाखवले. सहा नंबरच्या आजोबांनी शेवटच्या कोऱ्या जागेत वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलंय, 'मामा फार चांगले. त्यांच्यामुळे भीती वाटली नाही.' मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय. आणि नर्सिंगच्या रकान्यात खूण कशावर? 'ठीक'वर.

ठीक!

ज्यांची व्हेन कुणाला सापडत नव्हती, त्यांची मी शोधली. रात्री ताप चढला तेव्हा डॉक्टरांना उठवून त्यांची बोलणी खाल्ली. ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. मामांवर राग आहे का? छे. म्हणजे, आहे थोडा.

पेशंटशी कसं बोलावं याचं ट्रेनिंग झालं होतं, मामा तर त्यालाही नव्हते. आम्हाला मात्र ब्रिटनच्या डॉक्टर केट ग्रेंजरची गोष्ट सांगितली. कॅन्सर झालेली ही बाई 2013 मध्ये अ‍ॅडमिट असताना बघते, तर उपचार करायला येणारे कितीतरी जण स्वतःचं नावच सांगत नाहीत. त्यावरून तिने मोहीम सुरू केली. 2016 मध्ये गेली बिचारी. ऐकताना गलबललं होतं मला. तेव्हापासून प्रत्येक बेडपाशी नावासकट नमस्कार करते, एका हाताने सलाईन बदलत. नाईटला वॉर्डात दोघीच असतो, हे काही त्या स्लाइडवर नव्हतं. जाऊ दे.

मग आज मामांवर नजरच ठेवली. अकरा नंबरच्या आजींना सोनोग्राफीला नेत होते. 'आजी, लिफ्टपाशी धक्का बसेल हां जरासा. आत गार असतं, चादर घेतलीय. रांग आहे, पण मी थांबतोय.' एवढंच. गोड आवाज नाही, हसणं नाही, तंबाखू सोडल्यापासून तर चेहरा कायम आंबटच. पण पुढे काय होणार ते आजींना प्रत्येक वळणाआधी कळत होतं. नमस्कार नाही की नाव नाही. आजोबांनाही ते ठाऊक नसणार, म्हणून तर फॉर्मवर नुसतं 'मामा'.

नऊ नंबरला इंजेक्शन देताना मीही करून पाहिलं. 'औषध आत जाताना हात जड होईल, मिनिटभर. मी इथेच आहे.' त्याने मोबाइलवरून मान वर केली नाही. घ्या!

पुढच्या ट्रेनिंगला मामांचं नाव घालूया, असं मेट्रनना सुचवलं. वॉर्डबॉयसाठी जागा नाही म्हणाल्या. मामांना सांगितलं, तर म्हणाले, 'बरं झालं सिस्टर, तेवढ्या वेळात दोन एक्स-रे उरकतात.'