सातोची शेवटची फेरी आणि शेवटच्या पाच फेऱ्या

जपानी चालक ताकुमा सातो २०१७ च्या मे महिन्यात इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली मोटारशर्यत जिंकला, तेव्हा बेळगावात रात्रीचा एक वाजून गेला होता. दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर, जिथे बहुतेकांचे पोट ओतकामावर आणि लेथवर चालते, मी ही बातमी सांगितली, तेव्हा एका मित्राने पहिला प्रश्न केला तो असा : "हा तोच ना, शेवटच्या फेरीत भिंतीवर जाऊन आदळलेला?" होय, तोच. त्या 'तोच' या शब्दामागे अविचारीपणाचा जो ठपका आहे तो मला आजही मान्य नाही, आणि त्यासाठीच हे लिहितो आहे.

सातोचा जन्म १९७७ सालचा, टोकियोतला. दहाव्या वर्षी त्याने सुझुका येथे फॉर्म्युला वनची शर्यत पाहिली आणि तेव्हापासून हे वेड त्याच्या डोक्यात बसले. पण घरची परिस्थिती अशी नव्हती की लहानपणीच गो-कार्ट हातात यावी. तो सायकल शर्यतींकडे वळला आणि त्यात विद्यार्थीदशेतच नाव कमावले. बाकीचे चालक सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात करतात, तर हा एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत गाडीच्या शर्यतीत उतरलाच नव्हता. होंडाच्या पाठबळावर चालणाऱ्या सुझुकाच्या रेसिंग स्कूलमध्ये निवड व्हायची ती आधीच्या कामगिरीच्या नोंदींवरून, आणि त्याच्याकडे नोंदी जवळजवळ नव्हत्याच. म्हणून त्याने मुलाखत घेण्याची विनंती केली आणि प्रवेश मिळवला. पुढे २००१ मध्ये तो ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला. (आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिकही पुढे ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला, तेव्हा या भागातल्या अनेकांना ती मालिका किती खडतर असते हे पहिल्यांदा कळले.)

फॉर्म्युला वनमधली त्याची वर्षे मी थोडक्यात आटोपतो. २००२ मध्ये जॉर्डन, नंतर बीएआर, त्यानंतर सुपर अगुरी, असे त्याचे संघ. २००४ मध्ये तो अमेरिकन ग्रांप्रीत तिसरा आला, आणि ती शर्यत झाली इंडियानापोलिसलाच, मात्र ओव्हलचा, म्हणजे लंबगोल मार्गाचा, काही भाग आणि आतला वळणावळणाचा रस्ता जोडून केलेल्या मार्गावर. २००८ मध्ये सुपर अगुरीने पैशाअभावी माघार घेतली आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी सातो बेकार झाला. २०१० मध्ये तो अमेरिकेच्या इंडीकार मालिकेत आला.

ओव्हलवर केवळ डाव्या हाताला वळायचे असते, त्यामुळे हे काम सोपे असावे असा अनेकांचा समज आहे. पण इंडियानापोलिसच्या अडीच मैलांच्या ओव्हलला चार वळणे आहेत आणि त्यांचा उतार जेमतेम नऊ अंशांचा आहे. गाडीची मांडणीच डावीकडे झुकलेली असते. उजव्या बाजूच्या मागच्या टायरचा व्यास डाव्यापेक्षा किंचित मोठा ठेवतात, म्हणजे सरळ रस्त्यावरही चालकाला स्टीअरिंग धरून गाडी सरळ राखावी लागते. ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास वेग असताना पुढच्या गाडीच्या मागे हवेचा विरोध कमी होतो आणि मागच्याला आयता जोर मिळतो. परंतु तीच विस्कटलेली हवा वळणात शिरताना पुढच्या पंखावरचा दाब काढून घेते आणि गाडीचे नाक बाहेर, भिंतीकडे सरकू लागते. म्हणून पुढच्याला गाठणे सोपे आणि ओलांडणे अवघड. असे २०० फेऱ्यांचे, ५०० मैलांचे अंतर ३३ गाड्यांच्या गर्दीत कापायचे असते.

२०१२ च्या इंडियानापोलिस ५०० च्या शेवटच्या फेरीत सातो दुसरा होता आणि पुढे होता दारिओ फ्रँकिटी. पहिल्या वळणावर सातो आतल्या बाजूने घुसला, जागा अपुरी पडली, गाडीची मागची बाजू सुटली आणि तो भिंतीवर आदळला. फ्रँकिटी जिंकला आणि सातोची नोंद सतराव्या क्रमांकावर झाली. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या पाहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही : पट काढायला वाकलेला मल्ल क्षणभर स्वतः उघडा पडतो, पण न वाकता कुस्ती निकाली होत नाही. दुसरा क्रमांक हातात असताना पहिल्यासाठी सर्वस्व पणाला लावणे यात मला अविचार दिसत नाही. त्या फेरीनंतर दुसरी फेरी नव्हती. 'नो अटॅक, नो चान्स' हे सातोचे ब्रीदच आहे.

पुढच्याच वर्षी, ए. जे. फॉइट यांच्या संघाकडून लाँग बीचची शर्यत जिंकून, तो इंडीकार शर्यत जिंकणारा पहिला जपानी चालक ठरला. २०१७ मध्ये तो अँड्रेटी संघात होता. फॉर्म्युला वनचा माजी जगज्जेता फर्नांडो अलोन्सो मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत सोडून याच संघातून उतरला होता आणि एकवीस फेऱ्या उरल्या असताना त्याचे होंडा इंजिन बंद पडले. त्याच बनावटीचे, २.२ लिटरचे दुहेरी टर्बोचे इंजिन सातोच्या गाडीत होते. इंजिनाचे भाग घडवणाऱ्या माणसांना त्या उरलेल्या फेऱ्यांची धास्ती वेगळीच जाणवते. पाच फेऱ्या राहिल्या असताना सातोने इलिओ कॅस्ट्रोनेव्हेसला ओलांडले. कॅस्ट्रोनेव्हेस तीन वेळचा विजेता, चौथ्या विजयासाठी आसुसलेला. तो अखेरपर्यंत मागे लागून राहिला आणि ०.२०११ सेकंदाने हरला. आशियातला कोणीही याआधी ही शर्यत जिंकलेला नव्हता.

माझ्या मते २०१२ चा सातो आणि २०१७ चा सातो एकच आहे. धाडस तेवढेच, फक्त ते त्याने शेवटच्या फेरीपर्यंत राखून ठेवले नाही; आधी पुढे जाऊन मग आघाडी टिकवण्याएवढा वेग आपल्याकडे आहे, हे त्याने हेरले होते.

२०२० मध्ये, साथीमुळे ऑगस्टमध्ये रिकाम्या प्रेक्षागृहांसमोर झालेली हीच शर्यत त्याने राहल लेटरमन लॅनिगन संघाकडून पुन्हा जिंकली. अखेरीस स्पेन्सर पिगॉटची गाडी जोरात आदळली आणि उरलेल्या फेऱ्या पिवळ्या निशाणाखाली, म्हणजे कोणालाही ओलांडण्याची मुभा नसताना, संपल्या, म्हणून दुसऱ्या आलेल्या स्कॉट डिक्सनचे चाहते आजही हळहळतात. त्यांचे दुःख मला कळते, कारण १११ फेऱ्या डिक्सनच आघाडीवर होता. पण निशाण निघाले तेव्हा पुढे सातो होता, आणि तिथवर तो डिक्सनला ओलांडूनच पोहोचला होता. २०२५ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो दुसऱ्या स्थानावरून सुटला आणि सर्वाधिक ५१ फेऱ्या आघाडीवर राहिला. पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरसाठी थांबताना, गाडी ठरलेल्या जागेच्या पुढे सरकली नसती, तर तिसरा विजयही त्याच्या आवाक्यात होता असे मला मनापासून वाटते.