स्काउट ट्रॅव्हलर आणि चढावरचे इंजिन

स्काउट मोटर्सने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी ट्रॅव्हलर ही एसयूव्ही आणि टेरा हा पिकअप ट्रक जाहीर केला. त्यांपैकी ट्रॅव्हलरसाठी मी शंभर डॉलर भरून नाव नोंदवले आहे. रक्कम परत मिळणारी असल्यामुळे त्यात धाडस असे काही नाही. खरा निर्णय पुढेच आहे, कारण ही गाडी दोन प्रकारांत येणार आहे. एक केवळ बॅटरीवर चालणारी, जिची रेंज कंपनी ३५० मैलांपर्यंत सांगते. दुसरी ‘हार्वेस्टर’ची, जिच्यात बॅटरी लहान असेल, सोबतीला वीज तयार करण्यापुरते एक पेट्रोल इंजिन असेल आणि दोन्ही मिळून रेंज ५०० मैलांच्या पुढे जाईल. कंपनीच्याच म्हणण्यानुसार नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी हार्वेस्टर मागितले आहे. मीही तूर्त तेच निवडले आहे, पण ५०० मैलांना भुलून नव्हे.

जुनी स्काउट ही इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टर आणि ट्रक बनवणाऱ्या कंपनीची गाडी होती. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे तिचे उत्पादन १९८० पर्यंत चालले. ते नाव आता फोक्सवॅगन समूहाकडे आले असून नव्या गाडीचा कारखाना साउथ कॅरोलायनातील ब्लाइथवुड येथे उभा राहत आहे. लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखा भक्कम सांगाडा, मागे सलग अ‍ॅक्सल, घसरड्या जागी दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारे पुढचे-मागचे मेकॅनिकल डिफरन्शियल लॉक, मागच्या बाजूला बाहेर टांगलेली स्टेपनी आणि डॅशबोर्डवर बोटांना लागतील अशी खरीखुरी बटणे, हे सारे मला मनापासून आवडले आहे. गाडीतील प्रत्येक गोष्ट पडद्यावर ढकलण्याच्या आजच्या रिवाजात बटणे ठेवणाऱ्याचे मी आधी आभार मानतो आणि मग किंमत विचारतो.

हार्वेस्टरची रचना समजायला सोपी आहे. चाके फिरवण्याचे काम नेहमी विजेच्या मोटारीच करणार. इंजिनाचा चाकांशी थेट संबंधच नाही, ते फक्त जनरेटर फिरवणार. डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिने कित्येक दशके याच तत्त्वावर चालत आली आहेत. हे चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसवायचे ठरले आहे, त्यामुळे पुढचा ट्रंक सामानासाठी मोकळा राहतो. अशा रचनेत जनरेटरने सरासरी गरज भागवायची आणि ओव्हरटेक किंवा चढाव यांसाठी लागणारी जास्तीची ताकद बॅटरीने द्यायची, अशी कामाची वाटणी असते. बॅटरीत काही शिल्लक आहे तोपर्यंत ही वाटणी उत्तम चालते. ती तळाला गेली की मात्र गाडीला जनरेटर देईल तेवढ्यावरच भागवावे लागते.

याचा धडा बीएमडब्ल्यूच्या आय-३ या छोट्या विजेच्या गाडीने आधीच दिलेला आहे. तिच्या रेंज एक्स्टेंडरच्या, म्हणजे सोबत जनरेटर असलेल्या प्रकारात ६४७ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन होते, ते कंपनीच्या स्कूटरवरून घेतलेले. युरोपात चालकाला बॅटरी बरीच भरलेली असतानाच इंजिन सुरू करून चार्ज राखून ठेवता येत असे. अमेरिकेत मात्र कॅलिफोर्नियाच्या नियमांत बसण्यासाठी ती सोय बंद करण्यात आली, टाकीची वापरता येणारी क्षमताही २.४ गॅलनवरून १.९ गॅलनवर आणली गेली आणि बॅटरी जेमतेम सहा टक्क्यांवर आल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसे. परिणामी लांब चढावर काही चालकांची गाडी महामार्गावर अचानक मंदावली आणि त्याबद्दल तक्रारीही झाल्या. इंजिन छोटे होते हा दोषाचा एक भाग झाला. ते फार उशिरा जागे होत असे, हा माझ्या मते मोठा भाग.

आम्ही अमेरिकेत कोलोरॅडोतील डेन्व्हरच्या बाजूला राहतो, त्यामुळे माझ्यासाठी या प्रश्नाचे उत्तर आय-७० महामार्गावर मिळते. शहराची उंची ५,२८० फूट आणि पश्चिमेकडचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. मधले अंतर साधारण साठ मैलांचे. शेवटच्या टप्प्यात चढाव सहा टक्क्यांच्या आसपास जातो, तिथे मालट्रक उजव्या लेनमध्ये इशारादिवे लावून रांगत असतात आणि ट्रेलर ओढणारी एखादी जुनी गाडी कडेला बॉनेट उघडून थांबलेली असते. प्रवासी आणि सामानासह ट्रॅव्हलरचे वजन तीन टन धरले, तर ताशी ६० मैल वेगाने तो चढ चढायला, हवेचा आणि टायरचा विरोध जमेस धरून, साधारण ७५ किलोवॅट लागतील. मागे दोन टनांचा ट्रेलर जोडला की गरज १२० किलोवॅटपर्यंत जाते. सपाट रस्त्यावर ७० मैलांच्या वेगाला मात्र ३५ ते ४० किलोवॅट पुरतात. त्यातच टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावते, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी त्याची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद विरळ हवेत विरलेली असते. सपाटीवर मोजलेला आकडा तिथे उपयोगाचा नाही.

पण हेच गणित दुसऱ्या बाजूने केले की चित्र पालटते. तीन टनांची गाडी डेन्व्हरहून बोगद्यापर्यंत नुसती वर उचलायला सुमारे १५ किलोवॅट-तास ऊर्जा लागते, ट्रेलरसकट २५. चढाच्या पायथ्याशी बॅटरीत एवढी शिल्लक असेल, तर मध्यम ताकदीचा जनरेटरही काम निभावून नेतो, आणि पलीकडे डिलनच्या बाजूला उतरताना त्यातला बराचसा वाटा मोटारी परत बॅटरीत भरतात. म्हणून मला कंपनीकडून दोन गोष्टी स्पष्ट हव्या आहेत: उंचीवर जनरेटर सलग किती किलोवॅट देतो, आणि चालकाला एक बटण दाबून चार्ज राखून ठेवता येईल की नाही. रॅम या अमेरिकी ट्रक कंपनीने आपल्या अशाच पिकअपसाठी ३.६ लिटरचे व्ही-६ इंजिन, १३० किलोवॅटचा जनरेटर आणि ९२ किलोवॅट-तासांची बॅटरी असे आकडे पहिल्याच घोषणेत दिले होते. ट्रेलर ओढणाऱ्या माणसाशी बोलायची भाषा ती.

किंमत ६०,००० डॉलरच्या आत सुरू होईल असे स्काउटने जाहीर केले होते; त्यावर आणखी मिळेल असे त्या वेळी धरलेली ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, तेव्हा तो हिशेब आता नव्याने करावा लागेल. इंजिन आले की ऑइल, फिल्टर, कूलंट आणि महिनोन्‌महिने टाकीत पडून राहणारे पेट्रोल हेही मागोमाग आलेच. शिवाय इंधनाचे विजेत, विजेचे पुन्हा गतीत रूपांतर करताना दोनदा तूट सोसावी लागते, त्यामुळे महामार्गावर पेट्रोलच्या मायलेजची फार मोठी अपेक्षा मी ठेवलेली नाही.

केवळ विजेवर चालणारी ट्रॅव्हलर दुबळी नाही. ८०० व्होल्टची रचना, ३५० किलोवॅटपर्यंत जलद चार्जिंग आणि टेस्लाच्या चार्जरना चालणारे एनएसीएस सॉकेट हे सर्व जाहीर झालेले आहे. रोजची ये-जा आणि वीकएंडची साधी सहल एवढाच वापर असलेल्याने इंजिनाचे ओझे का बाळगावे, हे मला कळत नाही. आमचा प्रश्न ट्रेलरचा आहे. तो जोडला की रेंज निम्म्यावर येते आणि बहुतेक चार्जिंग स्टेशनांवर आधी तो सोडवून बाजूला लावावा लागतो. हिवाळ्यात, काळोखात, हातमोजे घालून ट्रेलरची हिच, म्हणजे जोडणीची कडी, काढण्याचा उद्योग ज्याने केला आहे, त्याला पेट्रोल पंपाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

तेव्हा राखीव चार्जची सोय आणि उंचीवर सलग ६० किलोवॅट देणारा जनरेटर असेल, तर मी हार्वेस्टर घेईन आणि ट्रेलर जोडलेला असताना त्या चढावर उजव्या लेनमध्ये राहीन. इंजिनाला बॅटरी तळाला जाईपर्यंत झोपवून ठेवणार असतील, तर नोंदणी बदलून मोठ्या बॅटरीची गाडी घेईन आणि ट्रेलरसाठी घरातला जुना पेट्रोल ट्रक आणखी काही वर्षे सांभाळीन.